मेशआयओ : जाळी नीट पोचते, बाकीचं तुमचं तुम्ही बघा

आमच्या गटात "फाईल उघडत नाही" अशी तक्रार घेऊन लोक शेवटी माझ्याच टेबलापाशी येतात. एकाने मेश, म्हणजे हिशेबासाठी वस्तूचे छोटे तुकडे पाडून केलेली जाळी, एका सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते, दुसऱ्याला ती दुसऱ्याच सॉल्व्हरमध्ये (त्या जाळीवर ताण-कंपनं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हवी असते, आणि मधे एक्सपोर्टचा डायलॉग असतो, ज्यात सगळे डोळे मिटून 'ओके' दाबतात. या मधल्या कामासाठी मी मेशआयओ वापरते. आता बऱ्यापैकी हात बसला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मेशआयओ ही पायथनची लायब्ररी आहे. परवाना एमआयटीचा, त्यामुळे फुकट तर आहेच, शिवाय व्यावसायिक कामातही बिनदिक्कत वापरता येते. काम एकच: एका फॉरमॅटमधली मेश वाचायची आणि दुसऱ्यात लिहायची. अ‍ॅबॅकसची आयएनपी, नॅस्ट्रानचा बल्क डेटा (हे दोन्ही सॉल्व्हर), जीमेश (मेश बनवणारं मोफत सॉफ्टवेअर), एक्झोडस, सलोमची मेड, परमास, व्हीटीके, व्हीटीयू, एक्सडीएमएफ, एसटीएल अशी यादी लांबलचक आहे. पायथनच्या 'पिप'ने बसते. बसवताना नावापुढे चौकटी कंसात 'ऑल' लिहिलंत तर एचडीएफ५ आणि नेटसीडीएफ हाताळणाऱ्या लायब्रऱ्याही येतात. नाहीतर मेड किंवा एक्झोडस फाईल दिली की तिथेच गाडी अडते. मग टर्मिनलमध्ये 'मेशआयओ कन्व्हर्ट', पुढे जुन्या फाईलचं नाव, पुढे नवीचं. फॉरमॅट एक्स्टेन्शनवरून ओळखला जातो. एमएसएच हे एक्स्टेन्शन जीमेशही वापरतं आणि अ‍ॅन्सिसचं फ्लुएंटही, तेव्हा अशा ठिकाणी फॉरमॅट स्वतः सांगितलेला बरा.

वापरायला सोपी, इतकंच असतं तर एवढं लिहिलं नसतं. ही लायब्ररी मला आवडते ती नोडच्या क्रमासाठी. जाळीचे बिंदू म्हणजे नोड, त्यांनी बनलेला एकेक तुकडा म्हणजे एलिमेंट. दहा नोडचा टेट्राहेड्रॉन (चार त्रिकोणी बाजूंचा एलिमेंट) घ्या. चार कोपरे सगळे सारखेच मोजतात, पण कडांच्या मध्यावरचे सहा नोड कोणत्या क्रमाने लिहायचे यावर एकमत नाही. जीमेशच्या यादीतले शेवटचे दोन नोड व्हीटीकेच्या यादीत उलटे येतात. वीस नोडच्या हेक्साहेड्रॉनमध्ये (विटेसारख्या एलिमेंटमध्ये) गोंधळ आणखी मोठा. अ‍ॅबॅकस खालच्या चार कडा, मग वरच्या चार आणि शेवटी उभ्या चार असा क्रम लावतो. नॅस्ट्रान उभ्या कडा मधे घालतो. कुणी हौसेने स्वतःची स्क्रिप्ट लिहून आकड्यांच्या रांगा जशाच्या तशा उचलल्या, तर वरच्या कडेचा नोड उभ्या कडेवर जाऊन बसतो. चित्रात हे दिसत नाही, कारण बरेच व्ह्यूअर फक्त कोपरे जोडून रेषा काढतात. मेश छान दिसते आणि सॉल्व्हर निगेटिव्ह जेकोबियन (एलिमेंट उलटा-पिळलेला आहे) म्हणून ओरडतो. मेशआयओ ही अदलाबदल मुकाट्याने करून टाकते. गटातल्या नव्या मुलांना मी सांगते, स्वतःचा कन्व्हर्टर लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, पण आधी तिच्या कोडमधली ही क्रमांची कोष्टकं उघडून बघा.

आता नॅस्ट्रानबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते सगळ्यात कमी दिसतं. नॅस्ट्रान १९६०च्या दशकात नासासाठी तयार झालं, पंचकार्डांच्या जमान्यात. ८० रकान्यांचं कार्ड, त्यात आठ-आठ अक्षरांची दहा घरं. कार्डं गेली, घरं राहिली. आजही लहान फील्डमध्ये एक्स निर्देशक -१२३४.५६७८ असेल, तर उणे चिन्ह आणि दशांश बिंदू धरून आठ अक्षरांत -१२३४.५७ एवढंच मावतं. दोन मिलिमीटरचा फरक असता तर कुणीतरी पाहिला असता, दोन मायक्रॉनचा कोण पाहणार? पूर्ण गाडीच्या निर्देशांकांत काम करताना भाग मूळ बिंदूपासून हजारो मिलिमीटर दूर असतो. तिथे एखाद्या फिलेटवर (गोल केलेल्या कोपऱ्यावर) ०.१ मिलिमीटरचे एलिमेंट असतील, तर दोन दशांशांच्या या गोळाबेरजेत प्रत्येक नोड ०.००५ मिलिमीटरपर्यंत सरकू शकतो, म्हणजे कडेच्या लांबीच्या पाच टक्के. वक्र पृष्ठांवर कॉन्टॅक्ट असेल, म्हणजे दोन भाग एकमेकांना टेकत असतील, तर दोन्ही बाजूंचे नोड आपापल्या परीने सरकतात आणि भार लावण्याआधीच खोटा दाब दिसू लागतो. उपाय जुनाच आहे: कार्डाच्या नावापुढे तारा टाकायचा, सोळा अक्षरांचं मोठं फील्ड घ्यायचं. मेशआयओ नोडसाठी आपणहून मोठंच फील्ड लिहिते, एलिमेंटसाठी लहान. एलिमेंटच्या ओळीत नुसते पूर्णांक असतात, तिथे लहान फील्ड पुरतं. लिहिणाऱ्याने विचार केला आहे हे इथे दिसतं. मी वापरलेल्या मॉडेल तयार करायच्या एका महागड्या प्रीप्रोसेसरमध्ये (नाव घेत नाही) मोठ्या फील्डचा पर्याय तिसऱ्या टॅबखाली दडलेला होता आणि बाय डीफॉल्ट बंद. नॅस्ट्रानची आणखी एक खोड म्हणजे जागा वाचवायला घातांकाचं 'ई' गाळणं, -१.२३५-५ असं लिहिलेलं असलं की साधा पायथन गडबडतो. मेशआयओला ते वाचता येतं.

इथपर्यंत कौतुक झालं. आता मेशआयओ काय नेत नाही ते, कारण गैरसमज तिथेच होतात. तिच्या नावातच मेश आहे, मॉडेल नाही. मटेरियल, शेलची (पत्र्यासारख्या एलिमेंटची) जाडी, बाउंडरी कंडिशन (भाग कुठे धरला आहे ते), लोड, कॉन्टॅक्ट, स्टेप यातलं काहीही पलीकडे जात नाही. घर बदलताना भिंती उचलून नेल्या आणि नळ-वीज तिथेच राहिली, असा प्रकार. हा दोष म्हणता येणार नाही, कारण हे सगळं प्रत्येक सॉल्व्हर आपापल्या भाषेत लिहितो आणि त्याचं सरसकट भाषांतर होत नाही. तरी काही गोष्टी अशा आहेत ज्या मेशमध्येच असतील असं वाटतं आणि नसतात. अ‍ॅबॅकसचा सी३डी८ आणि सी३डी८आर घ्या. पहिल्यात पूर्ण इंटिग्रेशन (हिशेब जास्त बिंदूंवर), दुसऱ्यात रिड्यूस्ड (कमी बिंदूंवर); वाकणाऱ्या पट्टीवर दोघांची उत्तरं वेगळी येतात. मेशआयओच्या लेखी दोन्ही नुसते हेक्साहेड्रॉन. आयएनपी वाचून पुन्हा आयएनपी लिहिली की एलिमेंटच्या ओळीतला टाइप आधी बघा आणि हवा तो स्वतः घाला. हे मी नियम म्हणून सांगते, सल्ला म्हणून नाही.

नोडच्या क्रमांकांचंही तसंच. आत सगळे नोड एका ॲरेत शून्यापासून लागतात, आणि आयएनपी लिहिताना एकपासून सलग क्रमांक पडतात. तुमच्या लोडच्या वेगळ्या फाईलमध्ये नोड ५०००१ असा उल्लेख असेल तर तो आता भलत्याच जागी बोट दाखवतो, किंवा अस्तित्वातच नसतो. म्हणून लोड आणि सपोर्ट क्रमांकांवर न लावता सेटवर, म्हणजे नोड-एलिमेंटच्या नाव दिलेल्या गटावर, लावायची सवय ठेवावी. आयएनपीत नोडसेट आणि एलसेट व्यवस्थित जातात. व्हीटीयूत सेट नावाची चीजच नाही; तिथे कन्व्हर्टला 'सेट्स-टू-इंट-डेटा' हा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे सेटचे आकडे होऊन ते डेटा म्हणून जातात आणि पॅराव्ह्यू या चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांनी ओळखता येतात. हा पर्याय फारसा कुणाला माहीत नसतो. असेंब्ली (अनेक पार्ट मिळून केलेलं मॉडेल) असलेली आयएनपी मात्र थेट देऊ नका. प्रत्येक पार्टमध्ये नोड एकपासून सुरू होतात आणि पार्ट कुठे ठेवला आहे ते इन्स्टन्सच्या ओळीत असतं. अ‍ॅबॅकस सीएईमध्ये पार्ट आणि असेंब्लीशिवाय सपाट फाईल लिहायची सोय आहे, तीच वापरा.

जीमेशकडून येणाऱ्यांसाठी थोडक्यात: फिजिकल ग्रुप (तिथले नाव दिलेले गट) केले असतील तर जीमेश फक्त त्यांतलेच एलिमेंट सेव्ह करतं. आणि पृष्ठांचेही ग्रुप केले असतील तर त्रिकोण टेट्राहेड्रॉनच्या सोबत आयएनपीत एलिमेंट म्हणून उतरतात, मग सॉल्व्हर त्यांना जाडी मागतो. पायथनमध्ये 'गेट सेल्स टाइप'ने फक्त टेट्रा उचलून नवी मेश बनवायची, दोन ओळींचं काम.

कोणत्याही एक्सपोर्टनंतर, मग तो मेशआयओचा असो की लाखोंच्या सॉफ्टवेअरचा, मी दोन गोष्टी तपासल्याशिवाय फाईल पुढे देत नाही. पहिली, वस्तुमान. मेशच्या फाईलमध्ये एकक नसतं. १ म्हणजे मिलिमीटर की मीटर हे फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक. मिलिमीटर-टन पद्धतीत पोलादाची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात, एसआयमध्ये ७८५०. मिलिमीटरची मेश आणि एसआयचं मटेरियल एकत्र आलं तर घनफळ शंभर कोटी पट होतं आणि ब्रॅकेटचं वजन जहाजाला लाजवतं. ही चूक निदान ओरडून सांगते. दुसरी तपासणी शांत चुकांसाठी: कुठलाही सपोर्ट न लावता मोडल अ‍ॅनालिसिस, म्हणजे भागाच्या नैसर्गिक कंपनांच्या फ्रिक्वेन्सी काढणं. सुट्या, एकसंध भागाच्या पहिल्या सहा फ्रिक्वेन्सी जवळजवळ शून्य यायला हव्यात (तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं), सातवी खरी. बारा शून्य आली तर भागाचे दोन तुकडे झालेत, बहुतेक मधल्या सामाईक नोडच्या दोन-दोन प्रती झाल्यामुळे. सातच आली तर कुठेतरी बिजागरीसारखं फिरतंय. मग सातवीपासून पुढच्या काही फ्रिक्वेन्सी मूळ सॉफ्टवेअरच्या आकड्यांशी ताडून बघायच्या. एलिमेंटचा टाइप बदलला असेल, निर्देशक घासले गेले असतील, तर इथे कळतं.

वेगाचं म्हणाल तर मजकुराच्या फाईली ओळीओळीने वाचल्या जातात आणि सगळी मेश मेमरीत येते, तेव्हा लाखो नोडच्या आयएनपीला थांबायची तयारी ठेवा. बायनरी व्हीटीयू किंवा एचडीएफ५वर बसलेली एक्सडीएमएफ त्या मानाने झटपट.

त्याच सॉल्व्हरमध्ये पूर्ण मॉडेल हलवायचं असेल तर मेशआयओच्या वाटेला जाऊच नका. अ‍ॅन्सिसमध्ये सीडीराइट ही कमांड आहे. त्याच्या सीडीबी फाईलमध्ये नोड-एलिमेंटबरोबर मटेरियल, कंपोनंट आणि लोडही उतरतात. अ‍ॅबॅकसची स्वतःची आयएनपीही तशीच परिपूर्ण. सॉल्व्हर बदलायचा असेल, निकाल पॅराव्ह्यूत न्यायचे असतील, किंवा जीमेशची मेश कॅल्क्युलिक्स या मोफत सॉल्व्हरला द्यायची असेल, तर मेशआयओ. कॅल्क्युलिक्सची इनपुट भाषा अ‍ॅबॅकससारखीच असल्याने मेशची आयएनपी वेगळी ठेवायची आणि मटेरियल, सेक्शन, लोड असलेली हाताने लिहिलेली छोटी मुख्य फाईल तिला 'इन्क्लूड'ने ओढून घेते. मेश पुन्हा केली तरी मुख्य फाईलला हात लावावा लागत नाही, सेटची नावं तेवढी तीच ठेवा.

मेशच्या कामाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एलिमेंटच्या टाइपसाठी.