दरमहा घरी येणारा शैक्षणिक खोका: अमळनेरच्या एका घरातील सहा महिने

लहान मुलांसाठी दर महिन्याला घरपोच येणाऱ्या शैक्षणिक खोक्याची वर्गणी आमच्या मुलाने गेल्या डिसेंबरात आपल्या मुलीसाठी भरली आणि मे महिन्यात सहावा खोका आल्यानंतर ती आम्ही थांबवली. वर्गणी सुरू झाली तेव्हा नात चार वर्षे दोन महिन्यांची होती. तिचे आईवडील दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे खोका उघडणे, कार्डे वाचणे आणि तिच्याबरोबर बसणे हे काम बहुतांशी माझ्याकडेच आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळून निवृत्त झाले आहे, तेव्हा माझी नजर थोडी मास्तरकीची आहे हे वाचकांनी गृहीत धरावे. (खोका म्हणावे तर हल्ली लोक कोटीचा हिशेब करतात आणि पेटी म्हणावे तर लाखाचा, पण पुठ्ठ्याच्या त्या वस्तूला दुसरा शब्द मला सुचला नाही.)

किंमत आधी सांगते. सुटा खोका १,२९९ रुपयांना पडतो. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास महिन्याला १,०९९ रुपये, म्हणजे एकूण ६,५९४ रुपये. प्रत्येक खोक्यात एक विषय असतो आणि त्याभोवती तीन-चार खेळ, एक गोष्टीची पुस्तिका, सरावाच्या कागदांची एक वही आणि पालकांसाठी सूचनांची कार्डे असतात. सामानाच्या मानाने हा दर जास्त आहे. गावातील स्टेशनरीच्या दुकानात आणि जळगावला खेळण्यांच्या दुकानात भाव विचारून मी एका खोक्याचा अंदाज काढला, तो साडेसहाशे रुपयांच्या पुढे गेला नाही. उरलेले साडेचारशे रुपये कशाचे, हा प्रश्न मला पहिले दोन महिने सतावत होता. तिसऱ्या महिन्यात त्याचे निदान अर्धे उत्तर मिळाले: कोणीतरी आधी विचार करून, मोजून, कापून, पुरेल इतकेच साहित्य एकत्र ठेवलेले असते आणि दिवसभर नोकरी करून आलेल्या सुनेला रात्री कात्री आणि डिंक शोधत बसावे लागत नाही. ज्या घरात ही जमवाजमव करायला कोणी मोकळे नाही, त्या घराला ते साडेचारशे रुपये महाग वाटणार नाहीत. आमच्या घरात मी मोकळी होते.

सहा खोक्यांतील सर्वांत चांगली वस्तू जानेवारीत आली. लाकडी तराजू, दोन पारडी आणि सारख्या वजनाचे दहा रंगीत ठोकळे. कार्डावरचा खेळ साधा होता: एका पारड्यात ठोकळा ठेवावा, दुसऱ्यात घरातील एखादी वस्तू ठेवावी आणि जड कोणती हे मुलाला विचारावे. तो दहा मिनिटांत संपला. मग मी डब्यातून मूठभर चिंचोके काढून दिले. एका ठोकळ्याला नऊ चिंचोके लागतात, हे तिने मोजून मला सांगितले आणि दिवसभर घरात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच ठोकळ्याला अकरा लागले, तेव्हा ती माझ्यावरच रुसली. मी रात्री ठोकळा बदलून ठेवला असा तिचा आरोप होता. तिने सगळे ठोकळे एकेक करून समोरासमोर ठेवून पाहिले. दांडा आडवाच राहिला. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग चिंचोके निवडायला बसली. बारीक, चपटे एका बाजूला, टपोरे दुसऱ्या बाजूला. टपोरे घातल्यावर आठव्यालाच पारडे खाली गेले आणि भांडण मिटले.

मोजायचे माप सारखे असावे लागते, ही गोष्ट मी दुसरीच्या मुलांना फळ्याची लांबी वितीने मोजायला लावून शिकवत असे, कारण मुलांची वीत आणि माझी वीत यांत जो फरक पडे त्यातूनच पट्टीची गरज त्यांना पटे. चार वर्षांच्या मुलीला ते चिंचोक्यांवरून स्वतःहून सुचले, याचे श्रेय मी तराजूला मनापासून देते. तो हलका आहे, पण चोख आहे. एका चिंचोक्याचा फरकही दाखवतो. कार्ड लिहिणाऱ्यांनी मात्र हा धागा पुढे नेलेला नव्हता. सूचना जेथे थांबतात तेथून पुढे न्यायला जवळ बसलेला मोठा माणूस लागतो आणि तो नसेल तर खेळ दहा मिनिटांचाच राहतो, हे मला सहाही खोक्यांत जाणवले.

सरावाच्या वहीविषयी माझे मत चांगले नाही. चार वर्षांच्या मुलाने तुटक रेषांवरून इंग्रजी कॅपिटल अक्षरे गिरवावीत अशी तिची रचना आहे. या वयात बोटांना आधी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, वळणे आणि रेघोट्या काढणे यांची सवय हवी. अक्षर त्यानंतर सहज येते. नातीने तीन पाने गिरवली आणि चौथ्या पानावर पेन्सिल अशी दाबली की कागद फाटला. ती वही आम्ही पुढे मागची कोरी बाजू वापरून संपवली.

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. पालकांची कार्डे फक्त इंग्रजीत होती. गोष्ट ऐकण्यासाठी क्यूआर कोड होता, त्यात इंग्रजी आणि हिंदी असे दोनच पर्याय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आमच्या घरात अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी येईल आणि खोका मात्र तिसऱ्याच भाषेत उघडतो. मराठी कार्डे मिळतील का, अशी विचारणा मुलाने केली तेव्हा मागणी नोंदवून घेतल्याचे उत्तर आले. मी प्रत्येक खोक्याची कार्डे सुनेकडून समजून घेऊन त्यांच्या मागे पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवली. खेळात त्यामुळे अडले नाही. परंतु ज्या आजीला इंग्रजी येत नाही आणि जिची सून रात्री आठला घरी येते, तिने काय करावे?

मार्चचा विषय शेत होता आणि त्याची मला फार उत्सुकता होती. आत लाल रंगाचे उंच छपराचे पुठ्ठ्याचे कोठार, शेजारी धान्य साठवायची गोल टाकी, एक बुजगावणे आणि कापसाने मढवायच्या सहा मेंढ्या निघाल्या. केळीचा घड नाही, कपाशीचे बोंड नाही, बैलगाडी नाही. रावेर-यावलच्या केळीचे ट्रक ज्या जिल्ह्यातून रोज देशभर जातात, तेथे हा खोका उघडला जात होता. नातीने कोठाराकडे बोट दाखवून विचारले, "आजी, हाई काय शे?" मला उत्तर देता येण्याआधीच तिने ते जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, असल्याचे ठरवून टाकले आणि सगळ्या मेंढ्या कापूस म्हणून आत भरल्या. यावरून परक्या गोष्टी मुलांना दाखवूच नयेत असे मला म्हणायचे नाही. फेब्रुवारीच्या खोक्यात समुद्र होता. तापी आणि बोरी यांपलीकडचे पाणी न पाहिलेल्या मुलीला अष्टभुज प्राणी आणि खोल अंधारातले मासे यांनी आठवडाभर वेडे केले होते. समुद्र तिच्यासाठी नवा होता आणि खोक्यानेही तो नवा म्हणूनच दाखवला. शेत तिच्या रोजच्या रस्त्यावर आहे. ते दुसऱ्याच देशाचे आणि वर तेच खरे शेत म्हणून दाखवले, ही माझी तक्रार आहे.

समुद्राच्याच खोक्यातील एका वस्तूबद्दल पालकांना सावध करणे आवश्यक आहे. प्लायवुडच्या माशांना चिकटवलेली गोल चुंबके आणि त्यांना उचलणारा गळ, असा तो खेळ होता. तिसऱ्या आठवड्यात एका माशाचे चुंबक निघाले आणि ते पुतण्याच्या दीड वर्षाच्या मुलाच्या मुठीत सापडले. दोन चुंबके पोटात गेली तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिरडली जाते आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तराजूवर ते होते, माशांच्या पाकिटावरही होते. तरीही डिंक सुटायचा तो सुटलाच. खेळण्यांच्या मानकात तीन वर्षांखालील मुलांसाठी लहान भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात आणि जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती त्या मुलांसाठी धोक्याची मानतात. घरात धाकटे मूल असेल तर एवढी एक कसोटी लक्षात ठेवून खोक्यातील वस्तू आधीच वेगळ्या कराव्यात. कंपनीने फोटो पाहून पूर्ण संच बदलून दिला आणि जुना फेकून द्यायला सांगितले. या बाबतीत त्यांचे वागणे चोख होते, हे नमूद करते.

खोक्यावर वय तीन ते सहा असे लिहिलेले असते. तीन वर्षांच्या मुलाच्या आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातांत, बोलण्यात आणि एका जागी बसण्याच्या ताकदीत किती अंतर असते, हे कोणत्याही अंगणवाडी ताईला विचारावे. माझ्या मते हा संच साडेचार ते साडेपाच वर्षांच्या मुलांना बरोबर बसतो.

पोहोचण्याबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. खोका आठ ते बारा दिवसांत येतो. कुरिअरवाला दोनदा घरी न येता फोन करून "ऑफिसवरून घेऊन जा" म्हणाला. मेचा खोका मात्र आमच्या उन्हाचा बळी ठरला. खानदेशात त्या महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. आत बारा मेणखडू होते. ते वितळून पुन्हा थिजले होते आणि बारा रंगांची मिळून एक चपटी वडी तयार झाली होती. नातीने ती मोडून तुकड्यांनी चित्रे काढली आणि एकाच रेघेत तीन रंग उमटतात म्हणून ती खूश होती. कंपनीने खडूंचे पैसे परत केले.

सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो वर्गणी थांबवताना. सहा महिने संपत आले तसा मुलाला बँकेचा संदेश आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा ६,५९४ रुपये वळते होणार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना २४ तास आधी द्यावी लागते, म्हणून तरी कळले. १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नसल्यामुळे एरवी पैसे गेल्यावरच समजले असते. कंपनीच्या अॅपमध्ये "एक महिना विराम" ठळक दिसतो, पण वर्गणी कायमची बंद करण्याची जागा सापडत नाही. त्यासाठी ईमेल करा असे बारीक अक्षरात लिहिलेले आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवण्याच्या या प्रकाराला अनुचित म्हटले आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मुलाने त्या भानगडीत न पडता बँकेच्या अॅपमधून परवानगीच रद्द केली. दोन मिनिटांत काम झाले. वर्गणी घेणाऱ्यांनी हा मार्ग पहिल्याच दिवशी पाहून ठेवावा.

तुलनेसाठी सांगायचे तर, केंद्र सरकारने २० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी "जादुई पिटारा" आणला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या, तक्ते आणि गोष्टींची पुस्तके आहेत आणि तो तेरा भारतीय भाषांत आणण्यात आला. कल्पना खोक्यासारखीच, पण भाषेचा विचार आधी केलेला. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच उभे राहिले. चिंचोक्यांचा डबा मी नोकरीत ज्या सवयीने बाळगला ती सवय तेथूनच आपल्या शिक्षकांत आली असावी.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नयेत; आधी सुटा खोका मागवून मूल त्यात किती रमते ते पाहावे आणि एप्रिल-मेमध्ये विराम घ्यावा. आमच्या गल्लीतील अंगणवाडीसाठी दोन तराजू विकत घ्यावेत असे माझ्या मनात होते, म्हणून मी स्वतः कंपनीला फोन केला. तराजू सुटा विकत नाहीत, तो फक्त जानेवारीच्या खोक्यात येतो आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागेल, असे पलीकडच्या मुलीने अगदी नम्रपणे हिंदीत सांगितले.