ओकेआर पद्धत: तीन तिमाह्यांच्या वापरानंतर

ओकेआर (ऑब्जेक्टिव्हज अँड की रिझल्ट्स) म्हणजे दर तिमाहीला उद्दिष्ट आणि ते गाठल्याचे मोजता येणारे निकाल ठरवून शून्य ते एक असे गुण देण्याची पद्धत. एवढे सांगून थेट अनुभवाकडे येतो. शेतीपंपांची विक्रीनंतरची दुरुस्ती पाहणाऱ्या आमच्या नऊ जणांच्या विभागात ही पद्धत एप्रिलमध्ये सुरू झाली आणि '९० टक्के तक्रारी ४८ तासांत बंद' हे एकच मोजमाप ठरले. जूनअखेर आम्हाला ०.९ गुण मिळाले, पेढे वाटले गेले, आणि त्याच आठवड्यात शिरूर तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या कागदावर आमची मोटार दोनदा दुरुस्त झाली. आता ती जळाली."

मी दोन्ही तक्रारपत्रिका काढून पाहिल्या. फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीवर, व्होल्टेज कमी असल्याने मोटार जास्त करंट घेत होती आणि स्टार्टर वारंवार ट्रिप होत होता. आमच्या मेकॅनिकने व्होल्टेज न मोजता पाच एचपीच्या त्या मोटारीच्या ओव्हरलोड रिलेचा (ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेल्यास मोटार बंद करून तिला जळण्यापासून वाचवणाऱ्या साधनाचा) काटा ११ अँपिअरवरून आधी १३ आणि नंतर १५ वर नेला, मोटार चालू होताच सही घेतली आणि दोन्ही वेळा तक्रार मुदतीत बंद केली. त्याला दोष देणे मला पटत नाही, कारण आम्ही मागितलेला आकडा त्याने चोख आणून दिला होता.

त्या दिवशी ही पद्धतच टाकाऊ आहे असे माझे ठाम मत झाले होते. ते आता बदलले आहे. १९७० च्या दशकात इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत ही पद्धत रुजवणारे अँडी ग्रोव्ह निर्देशक जोडीने ठेवायला सांगत, म्हणजे एका आकड्यामागे धावताना होणारे नुकसान दुसऱ्यात दिसते; आमच्या अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात मात्र नेमके हेच राहून गेले. जुलैपासून आम्ही 'त्याच क्रमांकाच्या पंपाची ३० दिवसांत पुन्हा तक्रार नाही' हे दुसरे मोजमाप जोडले. पहिल्याच मोजणीत जवळजवळ दर चौथा पंप परत आलेला दिसला आणि गुण ०.४ वर आले. डिसेंबरपर्यंत परत येणाऱ्या पंपांचे प्रमाण आधीच्या निम्म्याहून खाली आले, फेऱ्या कमी झाल्या आणि पेट्रोलचा खर्च उतरला.

गुणांसाठी घेतलेले, दरडोई दरमहा पैसे आकारणारे सॉफ्टवेअर मी बंद करायला लावले आहे. साध्या शीटवर सगळे भागते.

राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. १९९९ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ही पद्धत गूगलमध्ये नेली आणि तेथे महत्त्वाकांक्षी उद्दिष्टात ०.६ ते ०.७ गुण चांगले मानले गेले. आमच्या कार्यालयाने मात्र ०.४ हा आकडा थेट वार्षिक मूल्यमापनात उतरवून, ज्या मेकॅनिकांनी खरी परिस्थिती प्रामाणिकपणे नोंदवली त्यांचीच पगारवाढ रोखली. त्यानंतर ऑक्टोबरच्या बैठकीत प्रत्येकाने सहज गाठता येईल असेच लक्ष्य सुचवले, यात नवल नाही. गुण आणि पगारवाढ वेगळी ठेवावी असे मी लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही. जानेवारीपासून व्होल्टेज, करंट आणि रिलेचे सेटिंग हे तीन आकडे पत्रिकेवर लिहिल्याशिवाय आमच्याकडे तक्रार बंद होत नाही, आणि शिरूरच्या त्या मोटारीच्या रिवाइंडिंगचा खर्च विभागाने उचलला आहे.