तपकीर गल्लीतलं लॅपटॉपवालं दुकान: वाय-फाय लागलं, बिजागरी अजून अडकलीय

दुकान जिन्याखाली आहे आणि पाटी बाहेरून दिसत नाही, हे आधीच सांगते म्हणजे माझ्यासारख्या दोन चकरा होणार नाहीत. गाडी अजिबात नेऊ नका, बुधवार पेठेत लावायला जागा मिळाली तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट पण घ्या. मी आयडियल कॉलनीहून मेट्रोने पीएमसी (पुणे महापालिका) स्टेशनला उतरले आणि शनिवारवाड्यावरून चालत गेले.

तर झालं असं की नेटवाल्यांनी जुना राउटर काढून नवीन बसवला आणि त्या दिवसापासून आमचा सात वर्षांचा लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडेचना. नेटवर्कचं नाव दिसतंय, पासवर्ड टाकला की गोल गोल फिरतंय आणि मग कनेक्ट होता येत नाही म्हणून मेसेज. घरातले सगळे मोबाईल मात्र मस्त चालू. फरगेट करून परत जोडून झालं, राउटर बंद-चालू करून झाला, पासवर्ड तर मी मोठ्याने म्हणत इतक्यांदा टाकला की शेजारच्यांना पाठ झाला असेल. नेटवर्क रिसेट पण मारलं, त्याने ऑफिसच्या वाय-फायचा सेव्ह केलेला पासवर्ड तेवढा उडाला. नेटवाले म्हणे मॅडम आमच्याकडून सिग्नल ओके आहे. घराजवळच्या एका दुकानात नेला तर त्याने साधा चालू करूनही न बघता वाय-फायचं कार्ड गेलंय, मदरबोर्ड पण बघावा लागेल, साडेतीन हजार, ठेवून जा.

इथल्या काकांनी काय केलं, आधी स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला. लागला की लगेच! म्हणाले, ताई कार्ड जिवंत आहे, ह्यात बदलायचं काय? मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स अशी कमांड मारली, त्यात कार्डाला कुठली कुठली सिक्युरिटी चालते त्याची यादी येते. आमच्यात डब्ल्यूपीए२ (वाय-फायच्या सिक्युरिटीचा जुना प्रकार) पर्यंतच होतं, त्याच्या पुढचं डब्ल्यूपीए३ नव्हतंच. हे ३ वालं २०१८ मध्ये आलं आणि जुलै २०२० पासून नवीन उपकरणाला वाय-फायचं सर्टिफिकेट हवं तर ते असावंच लागतं, आमचं कार्ड त्याच्या आधीचं आणि नवा राउटर फक्त ३ वर सेट. काका म्हणाले कुलूप बदललंय, किल्ली जुनीच आहे, पासवर्ड बरोबर असून काय उपयोग.

मागे भिंतीवर यूएसबीचे वाय-फाय डोंगल लटकत होते, एक माझ्या गळ्यात मारणं सहज जमलं असतं. नाही मारला. राउटरच्या बुडाला स्टिकर असतो त्यावरचा पत्ता (आमचा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन पण तिथेच लिहिलेलं असतं, आणि लॅपटॉपपुरतं डब्ल्यूपीए२ चं गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) काढा म्हणाले. शंभर रुपये घेतले. बिल मागितलं तर हसले.

घरी येऊन केलं, लॅपटॉप पहिल्या झटक्यात जोडला गेला, आणि मग प्रिंटर गायब! गेस्टवरच्या मशीनला मेन नेटवर्कवरच्या वस्तू दिसत नाहीत हे काका सांगायला विसरले, माझी संध्याकाळ गेली त्यात. शेवटी गेस्ट बंद केलं आणि मेनलाच २ आणि ३ एकत्र चालेल असा मिक्स्ड मोड लावला, आता मोबाईल, लॅपटॉप, प्रिंटर सगळे एकाच ताटात. हे आधीच सांगितलं असतं तर पाच स्टार दिले असते, चार देते.

म्हणजे चारच देणार होते. खूष होऊन त्याच लॅपटॉपची ढिली झालेली बिजागरी दाखवायला परत गेले, तर काकांनी तीनशे ॲडव्हान्स घेतला आणि पार्ट उद्या येतोय म्हणाले. तीन आठवडे झाले, रोज उद्याच येतोय. आज दोनदा फोन केला, उचलला नाही.