पेटी चरखा आणि रंगाची पातेली : नागपूरच्या फ्लॅटमधला अनुभव

आधी निकाल सांगते. पेटी चरखा जरूर घ्या, पण जेवढा विचार चरखा निवडताना कराल त्याच्या दुप्पट विचार पेळू, म्हणजे कातायच्या पिंजलेल्या कापसाची वळी, निवडताना करा. आणि रंगकामाचा नाद लागणार असेल तर स्वयंपाकघराव्यतिरिक्त एखादी गॅलरी आणि भरपूर पाणी आहे का ते आधी बघा. बाकीचं ज्यांना सविस्तर हवंय त्यांच्यासाठी.

माझ्याकडे आहे तो येरवडा पद्धतीचा चरखा. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना या घडीच्या चरख्याची जडणघडण झाली म्हणून ते नाव. लाकडी पेटी उघडली की आत दोन चक्रं, मोठं आणि लहान. हाताने मोठं फिरवायचं, त्यावरची माळ (दोरी) लहान चक्राला फिरवते, लहान चक्राची माळ चातीला, म्हणजे सूत ज्यावर पिळलं आणि गुंडाळलं जातं त्या लोखंडी सळईला. दोन टप्प्यांत वेग वाढत असल्यामुळे मोठं चक्र निवांत फिरवलं तरी चाती भन्नाट फिरते. याहून लहान, जाडजूड पुस्तकाएवढाही मिळतो. प्रवासात न्यायचा असेल तर तो ठीक, पण घरात बसून तासभर कातायचं असेल तर मोठाच घ्या. लहान चरखा हलका असल्याने जमिनीवर सरकतो आणि त्याला गुडघ्याने धरून ठेवता ठेवता पायाला मुंग्या येतात.

देखभाल म्हणाल तर थोडी आणि सोपी. चातीच्या आधारांना शिवणयंत्राचं तेल, एकेक थेंब, जास्त नाही. जास्त झालं की ते सुतावर उडतं आणि तो डाग पुढे रंगवताना नेमका वर येतो. माळ सैल पडली की चाती घसरते, सुताला पीळ बसत नाही आणि आपल्याला वाटतं हातच चुकतोय. माळेला किंचित राळ घासली की काम होतं. हवा बदलली की माळेचा ताण बदलतोच, तेव्हा जाड सूत पिळून दोन-तीन माळा करून ठेवाव्यात. चाती मात्र वाकू देऊ नका. माझ्या चरख्याबरोबर आलेल्या दोन चात्यांपैकी एक पहिल्या दिवसापासून थरथरत होती. विकणाऱ्याने "वापरून वापरून सरळ होईल" असं सांगितलं. लोखंड असं सरळ होत नसतं. विकत घेताना चाती सपाट काचेवर घरंगळवून बघा; टोक वर-खाली नाचलं तर दुसरी मागा.

आता पेळू. सुरुवातीचे कित्येक आठवडे माझा धागा दर वीतभर अंतरावर तुटत होता. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बघून झाले, हाताचा कोन बदलून झाला, उशी बदलून झाली. शेवटी वर्ध्याला खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय बघायला गेले होते, तिथे भेटलेल्या एका वयस्क कातणाऱ्या बाईंनी माझ्या पिशवीतला पेळू दोन बोटांत दाबला आणि म्हणाल्या, "चरख्याला काही नाही झालं बाई, हा पेळू मेलाय." दाबून, गच्च बांधून, कधीचा गोदामात पडलेला कापूस होता तो. त्यांनी स्वतःच्या टोपलीतले चार पेळू दिले. त्याच संध्याकाळी घरी येऊन कातलं तर हातभर लांब तार न तुटता निघाली. मी तीच, चरखा तोच.

त्यामागचं कारण सरळ आहे. कातताना आपण तंतू एकमेकांवरून सरकवत असतो, आणि चातीच्या टोकावरून येणारा पीळ त्यांना जागच्या जागी पकडतो. कापूस दबलेला असेल तर तंतू सरकतच नाहीत, झुपक्याने येतात. मग एका ठिकाणी गाठ, पुढे केसाएवढा धागा आणि टक्कन तुटणं. गिरणीतून येणारी तयार वात दिसायला गुळगुळीत असते, पण कित्येकदा ती यंत्राने इतकी आवळलेली असते की नवशिक्याच्या हाताला दादच देत नाही. ताजा पिंजलेला, हलका, आत हवा असलेला पेळू घ्या. तो दाबला की पुन्हा फुगला पाहिजे.

मी आता बरेचसे पेळू घरीच करते. पारंपरिक धनुकलीने (पिंजाऱ्याच्या धनुष्याने) पिंजायला जागा लागते आणि घरभर कापूस उडतो. त्याऐवजी कुत्र्यामांजरांचे केस विंचरायचे बारीक तारांचे दोन ब्रश आणले. एकावर चिमूटभर कापूस, दुसऱ्याने हलकेच विंचरायचं, मग विणायच्या सुईवर गुंडाळून सुई काढून घ्यायची. झाला पेळू. कापूस एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून येतो, सरकी हाताने काढते. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं कौतुक करणार नाही. देशी वाणाचा तंतू आखूड, त्याचं जाडसर सूत छान निघतं. अमेरिकन जातीच्या लांब धाग्याच्या कापसाचं बारीक सूत जास्त सोपं जातं. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटची 'बनी' ही कापसाची जात तिच्या धाग्यासाठी बाजारात नावाजलेली होती. आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं हे वैभव मला चरखा घेईपर्यंत माहीत नव्हतं, शाळेत नुसती काळ्या मातीची वाक्यं पाठ केली.

हवेचा भाग वेगळा. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी नागपुरात कापसाचे तंतू ताठरतात, फिसकारतात, सूत तुटतं. उपाय घरातच सापडला: कूलर. कूलरच्या दमट वाऱ्यात (थेट झोतात नाही, नाहीतर पेळूच उडतो) बसलं की कातणं लगेच सुधारतं. गिरण्यांमध्येही कताईच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात ती याचसाठी.

वेगाबद्दल भाबड्या कल्पना नकोत. सवय झाल्यावर माझं तासाला शंभर-दीडशे मीटर सूत होतं. मुरलेले कातणारे याच्या दुपटी-तिपटीने काततात. एक गुंडी, म्हणजे सुताची लड, हजार मीटरची. आता साध्या सदऱ्याचं कापड धरा: अडीच मीटर लांब, ३६ इंच पन्हा, इंचाला ४० धागे. नुसत्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) १,४४० धागे, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे ३,६०० मीटर. बाण्याला (आडव्या धाग्यांना) साधारण तेवढंच. सात गुंड्या आणि वर वाया जाणारं वेगळं. तासाला शंभर मीटर धरलं तर सत्तर तासांच्या वर, विणकाम अजून सुरूच झालेलं नाही. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार यार्ड सुताची अट घातली होती आणि पुढच्याच वर्षी तिला चार आण्यांचा पर्याय द्यावा लागला. इतिहासात वाचताना मला ते पुढाऱ्यांचं आळशीपण वाटलं होतं. आता मी चार आणेच दिले असते.

म्हणून माझं सूत सदऱ्याला जात नाही. दुपदरी पिळून क्रोशाला जातं, थोडं छोट्या चौकटीच्या मागावर बाण्यात. एकेरी हातसूत ताण्याला लावायचं तर खळ द्यावी लागते, तरीही तुटतं. ताण्याला बाजारचं सूत लावा आणि बाण्यात स्वतःचं घाला, काही बिघडत नाही.

रंगाचा विषय मात्र माझ्या लेखी कातण्याइतकाच, खरं तर काकणभर जास्तच मोठा. कुकडीवरचं (चातीवर गुंडाळलेलं) सूत फाळक्यावर, म्हणजे लड करायच्या चौकटीवर, गुंडाळून गुंडी करायची, चार ठिकाणी सैलसर बांधायची. सैलसर हे महत्त्वाचं, घट्ट बांधलं की तिथे पांढरे पट्टे राहतात. मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळायची. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो: शुभ्र दिसणाऱ्या कापसातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं. कापसावर नैसर्गिक मेण असतं, ते निघाल्याशिवाय सूत पाणीच पीत नाही, मग रंग कुठून पिणार?

इंटरनेटवरच्या बहुतेक कृती लोकरीच्या आहेत आणि तिथेच आपल्याकडचे लोक फसतात. लोकर ही रंग पक्का करणारी तुरटी थेट धरते. कापूस तसा धरत नाही. त्याला आधी टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य, लागतं आणि त्यासाठी आपल्याकडे हिरड्यासारखी दुसरी चीज नाही. सुक्या सुताच्या वजनाच्या वीस टक्के हिरड्याची पूड, म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंडीला १० ग्रॅम. कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचं, पिळायचं, मग सुताच्या वजनाच्या पंधरा टक्के, म्हणजे साडेसात ग्रॅम, तुरटी विरघळवलेल्या पाण्यात घालायचं. एवढं झाल्यावर गुंडी फिकट पिवळी दिसते आणि रंगाला तयार असते. ही पायरी गाळून केलेला रंग दोन धुण्यांत उतरतो.

डाळिंबाची साल मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. फुकट मिळते, तिच्यात स्वतःचं टॅनिन असतं, आणि मोहरीच्या तेलासारखा पिवळा येतो तो टिकतो. झेंडूही चांगला, दसऱ्यानंतरची सुकलेली तोरणं सोसायटीभर गोळा करते. शेजारच्या काकू आता स्वतःच पिशवी आणून देतात आणि "हे घे गं तुझं वाळवण" म्हणतात. लाल रंगासाठी मंजिष्ठ काष्ठौषधीच्या दुकानातून घ्या, पण पूड नको, मुळ्या घ्या. पुडीत काय काय असतं देव जाणे. मंद आचेवर, सत्तर अंशांच्या वर जाऊ न देता तापवायची. उकळी आली की लाल मरतो आणि विटकरी होतो. पाण्यात चिमूटभर चुना असेल तर लाल खुलतो.

हळद आणि बीट यांच्या नादाला लागू नका. हळद पहिल्या दिवशी डोळे दिपवते आणि उन्हात आठवड्याभरात पांढरी पडते. बीट तर धुण्यातच संपतं. पळसाच्या फुलांबद्दल मन मानत नाही, होळीच्या आसपास झाडं पेटलेली असतात तेव्हा मोह होतोच, पण त्याचाही केशरी उन्हात फार तग धरत नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराला वापरते.

हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, हे वेगळंच प्रकरण. हिरड्यात बुडवलेलं सूत हिराकशीच्या पाण्यात टाकलं की बघता बघता राखाडी, मग काळपट होतं. हिरडा आणि हिराकस यांचीच पूर्वी शाई करत, रसायन तेच. सुताच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ नका, लोखंड जास्त झालं की सूत हळूहळू कुजतं. आणि हिराकशीचं पातेलं, काठी, हातमोजे पूर्ण वेगळे. त्याचा कण जरी मंजिष्ठेच्या पातेल्यात गेला तरी लाल मळतो. अर्थात ही कुठलीच पातेली पुन्हा जेवणात वापरायची नाहीत, हे सांगायला नको.

निळीसाठी नागपूरचा उन्हाळा म्हणजे वरदान. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर (फ्रुक्टोज). नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्याच्या अल्कलीत साखर तिचं रासायनिक रूप बदलते (याला क्षपण म्हणतात) आणि मग ती विरघळते. या हौदाला, म्हणजे निळीच्या पाण्याला, ऊब लागते. मे महिन्यात गॅलरीत झाकून ठेवलेली बादली आपोआप उबदार राहते, गॅस पेटवावा लागत नाही. पाणी पिवळट-हिरवं झालं आणि वर तांबूस चकाकीची साय आली की हौद जिवंत. गुंडी हिरवी बाहेर येते आणि हवेत धरल्यावर निळी होत जाते. हे कितीही वेळा बघितलं तरी घरातले सगळे गॅलरीत येतातच. गडद निळा हवा तर जास्त वेळ बुडवून उपयोग नाही, पुन्हा पुन्हा बुडवा आणि मध्ये वाऱ्यावर धरा. डाळिंबाच्या पिवळ्यावर एकदा बुडवली की हिरवा मिळतो.

त्रास पाण्याचा. एक गुंडी नीट धुऊन निघेपर्यंत बादल्यांमागून बादल्या जातात, आणि निळीला सोयीचा महिना नेमका पाणीटंचाईचा. मी शेवटच्या धुण्याचं पाणी साठवून फरशीला वापरते. तुरटी-हिरड्याचं पाणी कुंड्यांना घालत नाही.

कोणी घेऊ नये? ज्यांना पहिल्याच महिन्यात काहीतरी अंगावर घालायचं आहे त्यांनी. पाठीचा त्रास असेल त्यांनी आधी कोणाच्या तरी घरी बसून बघावं, कारण मांडी घालून बसणं आलंच. टेबलावर ठेवला तर डाव्या हाताला मागे ओढायला जागा पुरत नाही. धनगरी लोकर कातायच्या विचाराने घेत असाल तरी थांबा. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, पेटी चरख्याच्या बारीक चातीला ती मानवत नाही, तिला टकळी (हातात फिरवायची चाती) बरी. आणि फक्त रंगांचीच ओढ असेल तर चरखा घेऊच नका. खादीच्या दुकानात किंवा उत्पादन केंद्रावर न रंगवलेल्या गुंड्यांची चौकशी करा, चार गुंड्या विकत आणा, आणि हिरड्यापासून सुरुवात करा.