नमुन्याचा तुकडा आणि घरात लागलेला प्लाय

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या परिसरात आम्ही अडीच बीएचके सदनिका घेतली आणि डिसेंबर 2024 मध्ये तिचा ताबा मिळाला. घराच्या अंतर्गत सजावटीसाठी एका कंत्राटदाराला आम्ही पाच महिन्यांत एकूण 10,71,000 रुपये दिले. त्यांपैकी 3,45,000 रुपये रोख होते आणि त्यांची एकही पावती आमच्याकडे नाही. मे 2025 च्या अखेरीस तो काम अर्धवट टाकून गेला, तो परत आला नाही. ज्यांचे पझेशन जवळ आले आहे आणि ज्यांच्याकडे दोन-चार कोटेशन येऊन पडली आहेत, त्यांनी सह्या करण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठी सगळे सविस्तर लिहीत आहे.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराला दार होते. नव्या घरात मुख्य दार उघडले की बसायची जागा, जेवणाचे टेबल आणि ओटा एका नजरेत दिसतात. आम्हाला ही मोकळीक मनापासून आवडली होती आणि आजही आवडते. कंत्राटदाराने नेमके तेच हेरले. पहिल्याच भेटीत त्याने सांगितले की, अशा खुल्या घरात टीव्हीची भिंत, क्रॉकरीचे कपाट, ब्रेकफास्ट काउंटर आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या हे सगळे एकाच रंगाचे आणि एकाच हाताचे असले पाहिजे. ट्रॉल्या एकाकडून आणि हॉलचे फर्निचर दुसऱ्याकडून करून घेतले तर सनमायकाची छटा जुळणार नाही आणि घर ठिगळ लावल्यासारखे दिसेल. हे म्हणणे ऐकायला इतके पटण्यासारखे होते की, आम्ही फॉल्स सीलिंगपासून सोफ्यापर्यंत सर्व कामे त्याच्या एकट्याच्या हाती दिली. खोल्याखोल्यांच्या घरात एक खोली आधी पुरी करून तिथे राहायला जाता येते. खुल्या घरात ती सोय नाही. हॉलमध्ये रंधा आणि पॉलिश चालू असेल तर ओट्यावर चहासुद्धा करता येत नाही. त्यामुळे काम रखडले की घरमालक पूर्णपणे अडकतो. एकीकडे भाडे, दुसरीकडे कर्जाचा हप्ता आणि ‘आता एवढे दिले आहेत तर आणखी थोडे देऊन काम संपवू’ ही मनाची अवस्था, यांवरच त्याचा सगळा हिशेब बेतलेला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तो मराठी होता, सासूबाईंच्या माहेरच्या तालुक्यातला होता आणि बोलायला अत्यंत नम्र होता. ‘आजी, तुम्ही निर्धास्त राहा, गुढी नव्या घरातच उभारायची,’ असे त्याने सासूबाईंना सांगितले. गुढीपाडवा 30 मार्चला होता. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये उघडे सांगाडे आणि भुश्शाचे ढीग होते आणि गुढी भाड्याच्या घराच्या खिडकीत उभी राहिली.

करार 11,40,000 रुपयांचा होता. 10 टक्के बुकिंगच्या वेळी, 40 टक्के काम सुरू होताना, 40 टक्के माल साईटवर आल्यावर आणि उरलेले 10 टक्के हँडओव्हरला, असे हप्ते ठरले. कागदावर हे सुटसुटीत दिसते, पण नीट पाहिले तर मिस्त्रीने पहिला खिळा ठोकण्याच्या सुमारास निम्मी रक्कम गेलेली असते आणि टेंपोतून माल उतरला की 90 टक्के. मार्चच्या मध्यापर्यंत आम्ही 10,26,000 रुपये देऊन मोकळे झालो होतो. त्यानंतर कंत्राटदाराला आमच्याकडून मिळण्यासारखे फक्त 1,14,000 रुपये उरले होते आणि करण्याचे काम मात्र निम्म्याहून अधिक होते. असा माणूस काम का पूर्ण करील, हा प्रश्न आम्ही स्वतःला सही करण्याआधी विचारायला हवा होता.

रोख रकमेचेही तसेच झाले. ‘3 लाख रोख द्या, तेवढ्यावरचा 18 टक्के जीएसटी वाचेल,’ असे तो म्हणाला. म्हणजे 54,000 रुपयांच्या बचतीसाठी आम्ही 3,00,000 रुपयांचा पुरावा आमच्या हातानेच नाहीसा केला. हे बेकायदेशीर होते आणि ते आम्ही करायला नको होते, हे मी इथे स्पष्टपणे लिहिते. त्याच्या कोटेशनवर जीएसटी क्रमांक ठळक छापलेला होता. तो 15 अक्षरांचा होता, महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होणारा होता, अगदी खरा दिसणारा. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही कोणत्याही क्रमांकाची स्थिती पाहता येते, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. आम्ही ती जूनमध्ये पाहिली. नोंदणी वर्षभरापूर्वीच रद्द झालेली होती.

रोख रकमेतल्या उरलेल्या 45,000 रुपयांची गोष्ट भिंतीची आहे. आमच्या अडीच बीएचकेमधली ती अर्धी खोली हॉलला लागून आहे. तिची भिंत काढली तर हॉल आणखी प्रशस्त होईल, असे त्याने सुचवले आणि इंजिनिअरचा दाखला व महापालिकेची परवानगी यांसाठी म्हणून ही रक्कम वेगळी घेतली. सोसायटीच्या समितीतल्या एका काकांनी कामाची यादी वाचली आणि ते स्वतः वर आले. त्यांनी त्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून दाखवले; आवाज पोकळ नव्हता, ठणठणीत होता. आमची इमारत ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, म्हणजे लोक ज्याला मायवान म्हणतात त्या पद्धतीने बांधलेली आहे. अशा इमारतीत आतल्या भिंतीही सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि वरचा भार पेलण्यात त्यांचा वाटा असतो. ताबा घेताना मिळालेल्या पुस्तिकेत त्या तोडू नयेत असे लिहिलेले होते. काकांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेला बांधकामाचा दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीला आपणच हात लावला असता तर असा दावा करणे कठीण झाले असते. भिंत वाचली, पैसे गेले. इंजिनिअरचा दाखला कधीच कोणी पाहिला नाही.

आता प्लायविषयी. फसवणुकीचा हा भाग सर्वांत जास्त घरांत घडत असावा आणि सर्वांत कमी घरांत उघडकीस येत असावा, असे मला वाटते.

ओट्याखाली, सिंकजवळ आणि काउंटरच्या खालच्या भागात 18 मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाच्या प्रतीचा, लावायचे तोंडी ठरले होते. या प्रतीचे थर फिनॉलिक डिंकाने चिकटवलेले असतात आणि चाचणीत तो 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. साधा कमर्शिअल, म्हणजे आयएस 303 मधला एमआर प्रतीचा प्लाय, दमटपणा सोसतो पण साचलेले पाणी सोसत नाही. तो बेडच्या डोक्याकडच्या भागाला चालतो, सिंकखाली चालत नाही. त्याने पहिल्या बैठकीत तळहाताएवढा नमुना आणून दिला होता, ज्यावर 710 चा शिक्का होता. कोटेशनमध्ये मात्र ‘ब्रँडेड प्लाय किंवा समकक्ष’ एवढेच लिहिलेले होते. ‘किंवा समकक्ष’ या दोन शब्दांवर मी पेन्सिलने रेघसुद्धा मारली नव्हती. माल आला तेव्हा मी हजर होते. टेंपोतून उतरलेल्या गठ्ठ्यातल्या वरच्या दोन शीटवर मला शिक्का दाखवण्यात आला, मी त्याचा फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी तिसरा हप्ता पाठवला. खालच्या शीट मी उलटून पाहिल्या नाहीत.

मेच्या पहिल्या आठवड्यात सिंक जोडले आणि त्याच्या खालच्या पाइपमधून थोडे पाणी झिरपू लागले. आठ दिवसांत ट्रॉलीच्या तळाची कड फुगून वर आली, सनमायका सुटली आणि आतले थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे उलगडले. बोटाने दाबले तर लाकूड दबत होते. दोन थरांच्या मध्ये करंगळीचे नख जाईल अशा पोकळ्या होत्या. मिस्त्री शेजारी उभा होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मॅडम, जो माल येतो तो मी लावतो. वरच्या दोन शीट चांगल्या होत्या, बाकीच्या नाही. मी बोललो असतो तर मला काढून टाकले असते.’ त्याची स्वतःची दीड महिन्याची मजुरीही कंत्राटदाराने थकवली होती, हे त्याच दिवशी कळले. त्याच्यावर मला राग धरता आला नाही.

त्या रात्री मी एका पातेल्यात पाणी उकळायला ठेवले आणि त्यात दोन तुकडे टाकले: एक नमुन्याचा, एक ट्रॉलीच्या तळातून कापून घेतलेला. दोन तासांनी ट्रॉलीचा तुकडा फुगला आणि चिमट्याने उचलताच त्याचे तीन थर पातेल्यातच राहिले. चार तासांनंतरही नमुन्याचा तुकडा जसाच्या तसा होता, कडा घट्ट होत्या आणि डिंकाच्या गडद तपकिरी रेघा सरळ दिसत होत्या. नुसत्या रेघांच्या रंगावर मात्र विसंबू नये, कारण हलक्या डिंकात रंग मिसळूनही तसा देखावा करता येतो. पाणी खरे सांगते. ही परीक्षा माल कापण्यापूर्वी करायची असते. घरात लावून झाल्यावर ती केवळ दुःख देते.

शिक्क्याचीही खातरजमा करता येते. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे दिसते. शिक्का प्रत्येक शीटवर असला पाहिजे. ठाण्यातल्या दोन दुकानांत मी नंतर भाव विचारले, तर दोन प्रतींमधला फरक चौरस फुटाला साधारण 45 रुपये निघाला. एक शीट 8 बाय 4, म्हणजे 32 चौरस फुटांची.  म्हणजे बदललेल्या प्रत्येक शीटमागे साधारण 1,440 रुपये त्याच्या खिशात गेले.

मग मी सोफाही तपासला. 40 डेन्सिटीचा फोम ठरला होता. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. दोन फूट बाय दोन फूट आणि पाच इंच जाडीच्या गादीचे वजन त्या हिशेबाने सुमारे 1 किलो 900 ग्रॅम भरायला हवे. खोळ काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ती 1 किलो 200 ग्रॅम भरली.

हे सगळे फोटोंसह कंत्राटदाराला पाठवल्यावर ‘ताई, दोन दिवसांत सगळे बदलून देतो’ असे उत्तर आले. दोन दिवसांनी फोन बंद झाला. कार्यालयाचा पत्ता भाड्याच्या गाळ्याचा निघाला आणि तिथे आता दुसऱ्याच कोणाचा व्यवसाय आहे. पोलीस ठाण्यात आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली. प्रकरण दिवाणी स्वरूपाचे दिसते, असे आम्हाला सांगण्यात आले, तरीही तक्रारीची पोच घेऊन ठेवली. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. एका स्थापत्य अभियंत्याकडून झालेल्या कामाचे मूल्यांकन करून घेतले. ते सुमारे साडेचार लाखांचे निघाले. वकिलांनी पाठवलेली नोटीस परत आल्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइन तक्रार दाखल केली. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि आम्हाला कागदावर 7,26,000 रुपयेच दाखवता येत असल्यामुळे ते 200 रुपये पडले. भरताना त्या 200 रुपयांकडे पाहून मला रडू आले, कारण रोख दिलेले पैसे त्या हिशेबात कुठेच नव्हते.

उरलेले काम आता तोच मिस्त्री करतो आहे, थेट आमच्यासाठी. प्लाय, बिजागऱ्या आणि चॅनल आम्ही स्वतः पक्क्या बिलावर आणतो. प्रत्येक शीटच्या शिक्क्याचा फोटो करवत लागण्यापूर्वी काढतो आणि पैसे एकेका वस्तूचे देतो: कपाट उभे राहिले, दारे नीट बंद झाली की त्या कपाटाचे. छटा जुळण्याची जी भीती घालण्यात आली होती, ती सनमायकाचा कंपनी क्रमांक लिहून ठेवल्याने संपली. त्याच क्रमांकाच्या शीट दुसऱ्या दुकानातही मिळाल्या आणि जुन्या-नव्या कामात फरक दिसत नाही.

ऑगस्टपासून आम्ही त्या घरात राहतो आहोत. काउंटरला अजून वरचा दगड बसलेला नाही. सिंकखालची ती ट्रॉली मात्र मी मिस्त्रीला काढू दिलेली नाही. आयोगाने पाहणीसाठी कोणाला नेमले तर ती जशीच्या तशी दाखवता यावी, म्हणून तिच्यावर तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली आहे आणि शेजारी एका डब्यात ते दोन्ही तुकडे ठेवले आहेत.