फोटो पॅच टेस्टचा अनुभव: चकरा चार, पण निदान झालं एकदाचं

आप्पांचं तोंड, मान आणि हातांची पाठ दोन वर्षं अशी काळी, जाड झालेली की लोक विचारायचे भाजलंय का. सासवडकडं शेती आहे, ऊन काय चुकत नाही. मेडिकलमधून ट्यूब आणायची, आठ दिवस बरं, परत जैसे थे. शेवटी पुण्यात एका स्किन ओपीडीत गेलो तर मॅडमनी आधी त्यांची हनुवटी वर करून खालची कातडी बघितली, मग कान पुढं दुमडून मागची, आणि दोन्हीकडं चांगली होती, म्हणजे जिथं ऊन पोचत नाही तिथं काही नाही. म्हणाल्या फोटोटेस्ट आणि फोटो पॅच टेस्ट करू. आप्पा म्हणे, "फोटो काढून काय कळणार ओ?" (इथं फोटो म्हणजे उजेड: उजेडानं कातडीला काय होतं आणि उजेड पडल्यावर कुठला पदार्थ त्रास देतो ते बघतात.)

पहिला राग इथंच. अपॉइंटमेंट देताना कोणी विचारलंच नाही की स्टिरॉइडची गोळी चालू आहे का. पहाटेची एसटी पकडून गेलो आणि सिस्टर म्हणतात गोळी चालू असताना टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, परत या. हे फोनवर सांगता आलं नसतं? (आणि गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच.)

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मात्र काम चोख. सोमवारी पाठीवर छोट्या छोट्या चौकोनी खिडक्या ठेवून बाकी झाकलं आणि यूव्हीबी, यूव्हीए (उन्हातले न दिसणारे दोन प्रकारचे किरण) वाढत्या डोसनं दिलं, किती डोसला लाल होतं ते दुसऱ्या दिवशी बघतात. बाजूला त्याच त्याच पदार्थांच्या दोन रांगा चिकटवल्या, सनस्क्रीनमधली केमिकल, सेंटचे वास, काँग्रेस गवत वगैरे. बुधवारी पट्ट्या काढून एक रांग काळ्या कापडानं झाकली, दुसरीवर यूव्हीए 5 जूल, आणि शुक्रवारी शेवटचं रीडिंग. दुखत अजिबात नाही पण पाठ भिजवायची नाही, मे महिना, घामानं टेपची कडा सुटायला लागली की आई वरून अजून एक टेप मारायची. हडपसरला आत्याकडं राहिलो म्हणून जमलं, नाहीतर टेस्टला जेवढे गेले तेवढेच गाडीभाड्याला गेले असते.

शुक्रवारी काँग्रेसचा ठिपका दोन्ही रांगांत उठलेला, पण उजेड दिलेल्या रांगेत जास्त मोठा, वर बारीक फोडसुद्धा. आणि नुसत्या लाइटलाही कातडी नेहमीपेक्षा कमी डोसमध्ये लाल झालेली. नाव सांगितलं क्रॉनिक अ‍ॅक्टिनिक डर्मटायटिस, म्हणजे उजेडानं होणारा कातडीचा जुनाट दाह. शेतकऱ्यांत बघायला मिळतं म्हणे. गंमत बघा, हे काँग्रेस अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात आणि 1955 च्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच.

मॅडमनी अजून एक सांगितलं जे आम्हाला माहीतच नव्हतं, काचेतून यूव्हीबी अडतं पण यूव्हीए बरंचसं येतं. आणि आप्पा दोन वर्षं एसटीत खिडकी लावून तिथंच बसायचे, काच आहे ना म्हणून!

5 पैकी साडेतीन. दीड मार्क त्या फुकट गेलेल्या चकरेचा आणि रिपोर्ट नुसता इंग्रजीत दिला त्याचा. आप्पा आता पूर्ण बाह्या आणि मोठी टोपी घालून फिरतात, बांधावरचं काँग्रेस मी उपटते, हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत.