फोंड्याच्या घरातला चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर

1979 साली आलेल्या, टीॲक या जपानी कंपनीच्या पोर्टास्टुडिओ या ध्वनिमुद्रण यंत्राच्या वळणाचा, चार ट्रॅकचा (म्हणजे फितीवर चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्या असलेला) जुना कॅसेट रेकॉर्डर मी वर्षभर वापरतो आहे. चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि सेकंदाला 9.5 सेंटिमीटर अशा, नेहमीच्या कॅसेटच्या दुप्पट वेगाने धावत असल्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटे मावतात. घुमट (मातीचे चर्मवाद्य), शमेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळे (झांजा) ही गोव्यातील आरतीची वाद्ये तीन ट्रॅकवर घेऊन चौथ्यावर एकत्र उतरवली की पहिले तीन आरतीच्या गायनासाठी मोकळे होतात. मात्र त्यांवर नवे ध्वनिमुद्रण झाल्यावर, मिश्रणात दबलेला घुमट पुन्हा वर काढता येत नाही. शिकण्यासाठी ही अडचणच मला मोलाची वाटली. विक्रेत्याने ‘नवाच’ म्हणून बसवलेला, फीत फिरवणारा रबरी पट्टा मात्र आषाढात सैल पडला आणि पेटीचा षड्ज थरथरू लागला.